पाच नंबरचा खांब

क्लेमेंटीनचा कुणावर विश्वास नव्हता, आणि त्याचं तिला कधी वाईटही वाटलं नाही. कोळणीकडून घेतलेला बोंबलांचा वाटा ती घरी आणून पुन्हा उलटापालटा करून बघायची. गॅसचा सिलिंडर आला की आधी हलवायची, मग सही करायची. चर्चमध्ये मिस्सेच्या वेळी पुढच्या बाकावरची बाई डोळे मिटून प्रार्थना करतेय की पेंगतेय, हेसुद्धा कळल्याशिवाय तिला चैन पडत नसे. आता असल्या बाईला बायकांच्या राखीव जागेवर ग्रामपंचायतीत निवडून दिल्यावर सरपंचाचं काय झालं असेल, ते सांगायला नको. नवऱ्याच्या नावावर निवडून आलेल्या मेंबरबाया सहीपुरत्या यायच्या. ही प्रत्येक मीटिंगला यायची आणि कागद शेवटपर्यंत वाचल्याशिवाय पेनचं टोपण काढायची नाही.

वसई आणि अर्नाळ्याच्या मधलं ते गाव. एसटीच्या थांब्यापासून आळीपर्यंतची वाट वाड्यांमधून जायची, दोन्हीकडे केळी, मधूनमधून नारळ, आणि बरोबर मधल्या वळणावर क्लेमेंटीनच्या नवऱ्याची, निकोलसची, शेवंतीची वाडी. दिवसा त्या वाटेवरून चालावंसं वाटे. दिवेलागण झाली की तिथं स्वतःचा हात दिसत नसे. अठ्ठ्याण्णव सालच्या जूनमध्ये त्या वळणावर सायकलवरच्या कुणीतरी सालोमीची ओढणी ओढली. सालोमी ही यांची एकुलती एक लेक. एव्हरशाईन सिटीतल्या एका लॅबमध्ये रक्त तपासायची आणि सातच्या एसटीनं घरी यायची. ओढणी गेली, मान सोलवटली, सायकलवाला कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही. निकोलसनं जेवताना जाहीर करून टाकलं की पोरीची नोकरी बंद.

"नोकरी कशाला बंद?" क्लेमेंटीन म्हणाली. "अंधार बंद करा की."

आणि ती पंचायतीच्या मागे हात धुऊन लागली. तीन महिने सरपंचाला तिनं ना धड चहा पिऊ दिला, ना धड झोपू दिलं. सप्टेंबरात, मोतमाऊलीच्या जत्रेच्या सुमाराला, वाटेवर बारा खांब उभे राहिले, वर मर्क्युरीचे दिवे. पाच नंबरचा खांब तिनं स्वतः जागा दाखवून वळणावर रोवून घेतला. तो निकोलसच्या वाडीला अगदी खेटून होता. निकोलसनंही मग शब्द दिला, पण शेपूट लावून. दिवे आहेत तोवर नोकरी आहे, दिवे गेले तर नोकरीही गेली. सालोमीनं त्या रात्री आईच्या गळ्यात हात टाकले. तिच्या मनात पुढच्या परीक्षेचं होतं, पगार साठवायचा होता, आणि हे सगळं त्या बारा दिव्यांवर लटकलं होतं.

नोव्हेंबर लागला, मृतांच्या स्मरणाचा ऑल सोल्स डे झाला, आणि पाच नंबरचा दिवा जायला लागला.

बाकीचे अकरा ठणठणीत. पंचायतीचा शिपाई संध्याकाळी बटण दाबायचा, सगळी वाट उजळायची, आणि थोड्या वेळात वळणावरचा तेवढा एक गेलेला असायचा. सकाळी वायरमन येऊन बघायचा तर दिवा लागत असे. काच फुटलेली नाही, तार तुटलेली नाही, खांबावर दगडाची साधी खूण नाही. क्लेमेंटीननं खांबाभोवती दोन फेऱ्या मारल्या. टवाळ पोरांचं काम असतं तर दिवा फुटला असता. पोरं दगड मारतात आणि हसत पळतात. हा कुणीतरी शांतपणे येऊन विझवत होता. ज्याला शांतपणे अंधार करायचा असतो, त्याच्या डोक्यात काहीतरी शिजत असतं.

तिचा संशय खरा वाटावा असंच मग घडलं. एका रात्री भांडी घासताना सालोमी तिला खेटून उभी राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, "मम्मी, वळणावर कुणीतरी उभं असतं. केळीच्या आड. बिडीचा लाल ठिपका दिसतो. मी जवळ आले की तो विझतो."

क्लेमेंटीननं पातेलं खाली ठेवलं आणि खोदून खोदून विचारलं. किती दिवस, तर आठ-दहा दिवस. काही बोलतो का, तर नाही, नुसता उभा असतो. सालोमीनं तिला शपथ घातली की डॅडीला सांगायचं नाही, कारण डॅडी उद्यापासून घरी बसवेल. क्लेमेंटीननं शपथ पाळली. ते बरोबर केलं की चूक, याचा तिनं पुढं पुष्कळ विचार केला, पण तेव्हा तिला ते बरोबरच वाटलं होतं. पोरीबरोबर थांब्यापासून यायचं तर निकोलस विचारणार, का म्हणून? मग तिनं पोरीच्या पर्समध्ये मिरचीपूड दिली आणि स्वतः शोधाला लागली.

आणि संशय घ्यायचा म्हटल्यावर माणसांना काय तोटा! थांब्यावर पत्ते कुटणारे झाले, रेती वाहणारे ट्रकवाले झाले, निवडणुकीत हरलेल्या बाईचा दीर झाला. एकेकाला तिनं गाळणीतून काढलं, आणि शेवटी गाळणीत उरला तो वायरमन.

विघ्नेश त्याचं नाव. चोवीस-पंचवीसचा, मूळचा कोकणातला, नालासोपाऱ्यात चाळीत राहणारा, पंचायतीकडे कंत्राटावर. चांगला मुलगा होता खरं तर, खांबावरून उतरला की क्लेमेंटीनच्या ओट्यावर बसून चहा प्यायचा आणि तिला काकू म्हणायचा. पण क्लेमेंटीनच्या मनात एकदा कीड पडली की सगळं फळ किडकं दिसायला लागतं. दिवा न फोडता विझवायचा तर खांबाच्या बुंध्याजवळच्या पेटीतला फ्यूज काढायचा, हे कुणाला ठाऊक? वायरमनला. दिवसा दिवा नीट आहे असं छातीठोकपणे कोण सांगतो? वायरमनच. आणि यानंच मागे एकदा विचारलं होतं, सालोमीताई कितीच्या गाडीनं येतात. तेव्हा ते साधं वाटलं होतं. आता ती तो प्रश्न पुन्हा पुन्हा उलटापालटा करून बघू लागली.

तिनं अर्ज लिहिला. मीटिंगमध्ये उभी राहून वाचूनही दाखवला. कुंपणच शेत खातंय, असं त्यात एक वाक्य होतं, आणि ते वाचताना तिचा आवाज चांगला चढला. विघ्नेश दाराशी उभा होता. मी कशाला विझवीन काकू, एवढंच तो दोनदा म्हणाला. पण कंत्राटावरच्या पोराची बाजू कोण घेणार, आणि तोही बाहेरचा. त्याला त्याच दिवशी पकड-पाना जमा करायला सांगितलं. रात्री तिनं ही हकिकत निकोलसला सांगितली, तेव्हा तो ताटातला भात नुसता चिवडत राहिला. तिला वाटलं, पटलं याला.

त्याच आठवड्यात घरात एक बरी गोष्ट घडली, म्हणून सांगायची. यंदा त्यांच्या वाटेकडच्या शेवंतीला कळीच धरत नव्हती. सगळ्या आळीच्या वाड्यांत कळ्या लागल्या तरी यांची झाडं नुसती पानांनी माजलेली. निकोलस महिनाभर तोंड पाडून होता. नाताळाचा आणि लग्नाचा मोसम गेला असता तर वर्षाचं पीक गेलं असतं. आणि नोव्हेंबर संपता संपता अचानक ओळीच्या ओळी कळ्यांनी भरल्या. क्लेमेंटीननं देवळात जाऊन मारियामाऊलीपुढं मेणबत्ती लावली. त्या कळ्यांवर मात्र तिनं जराही संशय घेतला नाही, बघा. हाताला लागलेलं सुख कुणी झाकण उघडून बघतं का?

विघ्नेश गेला, दुसरा वायरमन आला, आणि पाच नंबरचा दिवा जातच राहिला.

मग धोंडूबाई पडली. ही अर्नाळ्याची कोळीण, आळीत मासे विकून साडेसातच्या सुमाराला रिकामी पाटी घेऊन थांब्याकडे परतायची. वळणावर काळोखात तिचा पाय वाटेकडेच्या पाण्याच्या चरीत गेला आणि घोटा टमाट्यासारखा सुजला. क्लेमेंटीन हळद घेऊन गेली, तर म्हातारी तिच्यावरच डाफरली. "दिवे लावले म्हनतेस, आनि नेमका चरीपाशी काळोख. कोन काढतो तो दिवा, ते बघ आधी. गरीब पोराच्या पोटावर कशाला पाय देतेस?" हळद लावून क्लेमेंटीन गुपचूप घरी आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी विघ्नेश आला. ओट्यावर चढला नाही, अंगणातच उभा राहिला. खिशातून त्यानं एक वाळकी पट्टी काढली आणि तिच्यापुढं धरली.

"ही बघा. पाच नंबरच्या पेटीचं बिजागर तुटलं होतं, म्हणून मी झाकण तारेनं बांधायचो. रोज सकाळी तार गायब, आणि तिच्या जागी हे. आधी मला वाटलं, कुणी पोरानं बांधलं. पण चोर फ्यूज परत बसवत नाही. हा माणूस संध्याकाळी काढतो, पहाटे परत लावतो, आणि कुणाचा हात आत जाऊ नये म्हणून झाकण बांधतो. माझं नाव गेलं ते गेलं. तुमच्या मुलीचं मात्र बघा."

केळीचं सोपट होतं ते. वसईच्या वाड्यांत फुलांच्या गड्ड्या अशाच सोपटानं बांधतात, प्रत्येक घरात बांधतात, त्यात नवल काही नव्हतं. पण गाठ तशीच ठेवून त्यानं ती कापून आणली होती. आळीतले सगळे ती गाठ उजवीकडे वळवून आत खोचतात. ही डावीकडे वळली होती. अशा गाठी क्लेमेंटीन पंचवीस वर्षं सोडत आली होती, नखं तुटेस्तोवर, शिव्या घालत. आख्ख्या आळीत डावरा माणूस एकच होता, आणि तो तिच्या घरात जेवत होता.

तिनं ती पट्टी विघ्नेशच्या हातातून घेतली आणि कमरेला खोचली. बस म्हणायचंही तिला सुचलं नाही.

संध्याकाळी सव्वासहाला निकोलस रोजच्यासारखा म्हणाला, मोटर बंद करून येतो. तो वळणाआड गेल्यावर क्लेमेंटीन नोवेनाला निघाल्यासारखी डोक्यावर पदर घेऊन निघाली आणि वाडीतल्या मोटरच्या खोपीमागं जाऊन बसली. डास तोडत होते. शिपायानं बटण दाबलं, बाराही दिवे लागले, आणि निकोलस खांबाशी आला. सोपट सोडलं, फ्यूज काढून सदऱ्याच्या खिशात टाकला, झाकण पुन्हा नीट बांधलं. मग केळीच्या आड जाऊन त्यानं बिडी पेटवली. बिडी त्यानं ईस्टरआधीच्या उपासकाळात सोडली होती, निदान घरी तरी तसं सांगितलं होतं.

"फ्यूज दे इकडं," क्लेमेंटीन त्याच्या पाठीशी येऊन म्हणाली.

निकोलसची बिडी हातातून पडली. मग तो चोरासारखा नाही, उलट सुटल्यासारखा भराभरा बोलायला लागला. शेवंतीला रात्र लागते, क्लेमेंटीन. अंधाराशिवाय ती कळी धरत नाही. त्या दिव्यानं तिला वाटत होतं अजून दिवसच आहे. ज्या ओळींवर उजेड पडत होता तेवढ्याच ओळी वांझ राहिल्या होत्या, हे त्याच्या उशिरा लक्षात आलं. तिला सांगणार कसं? दिव्यासाठी तिनं रान उठवलं होतं. फुलं फुलेस्तोवर महिना-दीड महिना काढायचा, एवढंच त्याच्या मनात होतं.

"आणि विघ्नेशला काढलं, तेव्हा तुझी जीभ कुठं गेली होती?"

"तू एवढ्या खात्रीनं बोलत होतीस," तो म्हणाला. "मला वाटलं, आता कसं सांगू."

"आणि पोरगी?"

इथं मात्र निकोलसनं मान वर केली. "तिच्यासाठीच तर मी उभा असतो. ती वळण ओलांडेपर्यंत जागचा हलत नाही. बाप उभा असल्यावर दिवा कशाला पाहिजे?"

"तिला ठाऊक आहे?"

"तिला सांगितलं तर तुला सांगेल. आणि बिडी दिसेल. जवळ आली की विझवतो मी."

तो लाल ठिपका, ते नेमक्या वेळी विझणं, या सगळ्याचा महिनाभर क्लेमेंटीननं काय काय अर्थ लावला होता. आणि तो ठिपका म्हणजे हा, बायकोच्या आणि लेकीच्या धाकानं बिडी लपवणारा तिचा नवरा. त्याची राखण लेक गेली की संपायची. धोंडूबाई त्याच्यामागून अर्ध्या तासानं त्याच काळोखात शिरायची, हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. क्लेमेंटीन रागानं त्याला हे सुनावणार तोच थांब्यावर एसटी थांबल्याचा आवाज झाला.

सालोमी येताना दिसत होती, एक नंबरखाली, दोन नंबरखाली. चार नंबरखाली ती थांबली. उजेडात तिचा चेहरा स्वच्छ दिसत होता, तो घरात दिसायचा तसा नव्हता. वाकून तिनं दोन्ही चपला काढल्या, एक काखेत धरली, एक हातात. डबा दुसऱ्या हातात घट्ट पकडला. क्रूसाची खूण केली.

"आता पळत येईल बघ," निकोलस हळूच म्हणाला, आणि त्याच्या आवाजात कौतुक होतं. "रोज अशीच येते. भूक लागलेली असते पोरीला."

क्लेमेंटीनचे डोळे भरून आले. "भूक नाही रे," ती म्हणाली. "ती तुला भिऊन पळते."

निकोलसला ते कळायला एक क्षण लागला. कळलं तसा तो केळीतून बाहेर धडपडला, सालोमी, सालोमी करत. सालोमी तेव्हा काळोखात शिरून भरधाव आली होती. तिला आवाज ऐकू आला नाही, पुढ्यात येणारा पुरुष तेवढा दिसला. तिनं हातातला स्टीलचा डबा सगळा जीव एकवटून त्याच्या तोंडावर मारला. निकोलस कपाळ धरून खाली बसला. ती ओरडत होती, चप्पल उगारून ओरडतच होती. क्लेमेंटीननं नवऱ्याच्या खिशातून फ्यूज ओढून काढला, चाचपडत पेटी गाठली, सोपट दातांनी तोडलं आणि फ्यूज आत दाबला.

मर्क्युरीचा दिवा काही एकदम लागत नाही. आधी जांभळट भुरकट होतो, मग चांगली चार-पाच मिनिटं घेत उजळतो. तेवढा वेळ निकोलस खाली बसून मी आहे गं, मी आहे, असं म्हणत होता, आणि सालोमी समोर उभी होती. दिवा पुरता उजळेपर्यंत तिनं उगारलेली चप्पल खाली केली नाही.

मग ती म्हणाली, "रोज इथून पळत घरी येऊन मी तुझ्याच शेजारी जेवायला बसत होते, डॅडी."

निकोलस रडला. भुवईवरून ओघळणाऱ्या रक्तानं की आणखी कशानं, कुणी विचारलं नाही. घरी गेल्यावर जखम सालोमीनंच धुतली, लॅबमधल्या काचेच्या नळ्या धुवाव्यात तशी.

दुसऱ्या दिवशी क्लेमेंटीननं दुसरा अर्ज लिहिला आणि तोही मीटिंगमध्ये उभी राहून वाचला. कुंपणानं शेत खाल्लं ते माझ्याच घरच्या, असं तिनं त्यात लिहिलं होतं. या वेळी आवाज चढला नाही. निकोलस कपाळाला पट्टी बांधून मागं उभा होता, पंचायतीनं दंड केला तो त्यानं मान खाली घालून मान्य केला. विघ्नेशला परत बोलावलं. तो आला, खांबावर चढला आणि वाडीच्या बाजूनं दिव्याला पत्र्याचा आडोसा ठोकून उतरला. उजेड नुसता वाटेवर पडायला लागला, शेवंती आपली काळोखात. दहा मिनिटांचं काम होतं. आधी विचारलं असतं तर आधीच केलं असतं, एवढंच तो म्हणाला. क्लेमेंटीननं चहाला बोलावलं, तर म्हणाला, नको मेंबरबाई, घाई आहे. काकू तो तिला परत कधी म्हणाला नाही. तिनंही मग आग्रह केला नाही, कुठल्या तोंडानं करणार.

निकोलसनं त्या संध्याकाळी लेकीला लॅबमध्ये फोन करून विचारलं होतं, थांब्यावर येऊ का. नको, ती म्हणाली, दिवा तेवढा राहू दे.

सात वाजता क्लेमेंटीन अंगणाच्या टोकाला जाऊन उभी राहिली, जिथून वळण दिसतं. चार नंबरखाली सालोमी सवयीनं थांबली. सवयीनंच वाकली. तिचा हात चपलेपर्यंत गेला, आणि ती थोडा वेळ तशीच राहिली. मग सरळ झाली, पुढं बघितलं, आणि चालत निघाली. पाच नंबरखालून गेली, तेव्हा चपला तिच्या पायातच होत्या.